साडेपाच मणांची खोली

वानखडे सरांना खोटं बोलता येत नसे. हा मोठा गुण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी क्षय झालेली बायको बरोबर घेऊन अमरावतीत भाड्याची खोली शोधून पाहावी. सरांनी दोन वर्षांत पाच खोल्या शोधल्या आणि पाचही सोडल्या. घरमालकानं भाडं सांगायच्या आत सर सांगून मोकळे व्हायचे, "घरचीले छातीचं दुखनं हाय. आधी सांगतलेलं बरं." पुढचं बोलणं तिथंच संपायचं. एखादा भला माणूस हो म्हणायचा, पण महिन्याभरात शेजारपाजारचे त्याच्याकडे जायचे, आणि मग तो सरांकडे यायचा, खाली मान घालून.

मी त्याच शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो. सर सुतारकाम शिकवायचे. शाळेच्या मागं पत्र्याची एक लांबट शेड होती, तिथं त्यांचं राज्य. उंच, हडकुळे, कानावर पेन्सिल, अंगात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची खाकी पँट. मूळचे बाळापूरकडचे, घरची शेती. लढाई चालू असताना तीन वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात ट्रकांच्या लाकडी बॉड्या बांधल्या आणि गाडी चालवणंही तिथंच शिकले. वर्गातसुद्धा अस्सल वऱ्हाडी बोलायचे. एकदा पुण्याकडचे एक तपासनीस आले आणि म्हणाले, "मुलांशी शुद्ध बोलत जा." सर रंधा थांबवून म्हणाले, "साहेब, लाकूड इथलंच हाय. त्याले समजते." तपासनीस हसले नाहीत. सरांनीही काही विनोद केला नव्हता.

लाकूड असो की लोखंड, ते आधी बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचे आणि कान द्यायचे. आवाज पसंत पडला नाही तर वस्तू कितीही देखणी असो, बाजूला. माणसांना मात्र ते ठोकून पाहत नसत. पाहिलं असतं तर माझ्याशी मैत्री केली नसती.

वहिनींचं नाव सुमन. आजारानं कातडी कागदासारखी झालेली, पण जीभ शाबूत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सॅनेटोरियममध्ये नंबर लागायला वेळ आहे, तोवर सुया चालू ठेवा, कोरडी मोकळी हवा द्या, दाटीवाटीत ठेवू नका, आणि छातीला हिसका बसू देऊ नका. मोकळी हवा म्हणजे उन्हाळ्यात चिखलदरा. पण अमरावतीत खोली मिळेना, तिथं चिखलदऱ्यात कोण देणार?

त्या सुमाराला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, हे कारण मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. ते खोटंही नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला शेडमध्ये नेलं. मधोमध चार ठोकळ्यांवर एक लाकडी चौकट उभी होती, साडेसात फूट लांब, पाच फूट रुंद.

"हे काय?" मी म्हटलं.

"खोली."

"कुठं बांधणार?"

"कुठंच नाई. गाडीवर ठेवतो. ज्यानं हाकललं त्याच्या गावातून आपन खोलीसकट निंगून जाऊ. भांडन नाई, तंटा नाई."

चौकट हलक्या लाकडाची, भिंती चहाच्या खोक्यांच्या. ती खोकी पातळ प्लायवूडची असतात, वजनाला काहीच नाही. सरांनी गावातल्या किराणा दुकानांतून ती गोळा केली होती. छप्पर ताडपत्रीचं, वरून पांढरा रंग, ऊन परतवायला. खिडकी इतकी खाली ठेवली होती की मला वाटलं माप चुकलं. म्हणून विचारलं, तर म्हणाले, "थे झोपलेली असते. उभ्या मानसाच्या खिडकीचा तिले काय उपयोग?"

खोली पुरी झाल्यावर त्यांनी ती बैलगाडीत घालून कापसाच्या बाजारात नेली आणि काट्यावर चढवली. हमाल हसत होते. साडेपाच मण भरली. सरांनी तो आकडा तळहातावर लिहिला आणि मला दाखवला. आता या वजनाला शोभेल अशी जुनी गाडी शोधायची. मागं उघडी, लहान, पिकअप म्हणतात तसली. मी त्यांच्यासोबत का जात होतो, असं माझी आई विचारायची. खोली दिली नाही, मग निदान सोबत तरी द्यावी, असा काहीतरी माझा हिशेब असावा.

पहिली गाडी अकोल्याला पाहिली, एका कापसाच्या जिनवाल्याची. नवा हिरवा रंग, चकचकीत दिवे. मी तर पाहताक्षणी खूश झालो. सरांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "सीधी ने, हळू." आणि आपण गाडीच्या मागून चालत निघाले. मलाही बरोबर घेतलं. भर दुपारी अकोल्याच्या त्या रस्त्यावरून आम्ही दोन मास्तर एका रिकाम्या गाडीच्या मागं मयताला निघाल्यासारखे चाललो होतो.

"पाहा, मास्तर. पुढची चाकं इकडे, मागची तिकडे. कमरेत वाकडी हाय. कधीतरी पलटी खाल्ली तिनं." मग परत येऊन त्यांनी गाडीच्या बॉनेटवर उजवा हात ठेवला आणि मालकाला विचारलं, "मालक, खोड सांगा."

ही त्यांच्या गावाकडची बैलबाजारातली रीत. घेणाऱ्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा, विकणाऱ्यानंही ठेवायचा. मग खोड विचारली तर लपवायची नाही. मारका आहे, बसका आहे, जे असेल ते सांगायचं. आणि विकणाऱ्यानं खोड सांगितली की मग त्यानं विचारायचं, कोणत्या कामाला नेता? मग घेणाऱ्यानंही लपवायचं नाही. जनावर कसायाच्या दारी जाऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी घातलेली रीत. सर ती गाड्यांना लावत होते आणि त्यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं.

जिनवाल्याला त्यांचा हात बॉनेटवर का आहे हेच कळलं नाही. तो म्हणाला, "खोड? नवी गाडी आहे जी." सरांनी हात काढला आणि चालू लागले.

दुसरी गाडी परतवाड्याला, लाकडाच्या ठेकेदाराकडे. अवजड, धिप्पाड, सागाचे ओंडके वाहणारी. ठोकून पाहिली, आवाज खणखणीत. मागून चालून पाहिली, सरळ. मला वाटलं, आता झालं. पण सरांनी एक लोटा काठोकाठ पाण्यानं भरला आणि मला म्हणाले, "मागं बसा, मास्तर. लोटा समोर ठेवा. धरू नका."

तो अर्ध्या मैलाचा खडी उखडलेला रस्ता मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या वळणापर्यंत लोट्यातलं पाणी माझ्या धोतरावर होतं, दुसऱ्या वळणावर लोटाही.

"हे गाडी तीन टनाची हाय," सर म्हणाले. "तिच्या कमानी, खालच्या पोलादी पट्ट्या, तितक्या ओझ्यासाठी कडक केल्या. आपली साडेपाच मनाची खोली तिले समजनार बी नाई. उडवत नेईन. पान्याचं असं झालं, तर छातीचं काय होईन?"

पण खरं दुःख त्यानंतर झालं. ठेकेदारानं आम्हाला चहा दिला, अगत्यानं पानाचं तबक पुढं केलं आणि सहज म्हणाला, "मास्तर लोकाईले गाडी कायले पाह्यजे?" सरांनी सांगितलं. जसंच्या तसं. ठेकेदाराचा हात तबकावर तसाच राहिला. मग त्यानं तबक मागं घेतलं आणि गड्याला हाक मारून आम्ही बसलो होतो ती सतरंजी उन्हात टाकायला सांगितली. आमच्यासमोरच. सर उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी बसमध्ये त्यांच्यावर उखडलो. म्हटलं, "सर, गाडी घ्यायला रोग सांगावा लागतो का? शाळेसाठी घेतो म्हणा. फिरतं प्रदर्शन म्हणा. तुमच्या या खरेपणापायी वहिनी रस्त्यावर येतील."

"आली हाय," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत, "मास्तर, मी खोटं बोललो अन् उद्या कोनाच्या लेकराले काही झालं, तर मले झोप येईन काय?"



तेव्हा ते पाचव्या खोलीत होते आणि तिचीही मुदत संपत आली होती. वहिनींना रात्रीचा ताप येत होता. उन्हाळा तोंडावर होता. महिन्याभरात गाडी मिळाली नाही तर चिखलदरा हुकणार आणि अमरावतीचा वैशाख त्या छातीला झेपणार नाही, हे डॉक्टरांनी सरांना सांगितलं होतं आणि सरांनी वहिनींना. त्यांच्यापासूनही लपवायचं नाही म्हणजे नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आमचं लगन ठरलं तवा यांनी मले येऊन सांगतलं होतं का मी घोरतो. आता बोला."

तिसरी गाडी पुन्हा अकोल्याची. हबीबभाई म्हणून एक सोडावॉटरचा कारखानदार होता. कारखाना म्हणजे मोठं आवार, एक यंत्र आणि बाटल्यांच्या पेट्यांच्या राशी. गाडी लहान, मळकट, एका दिव्याची काच फुटलेली. मी नाक मुरडलं. सरांचा चेहरा मात्र बदलला. ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ ठकठक आवाज येत राहिला. बाहेर आले ते कपाळाला ग्रीस लावूनच.

"मास्तर, काच वाहून राहिली हे दहा वर्षं. काच. हिच्या कमानी पाहा, कशा नरम ठेवल्या. फुटलेली बाटली डायवरच्या अंगावर येते, म्हनून त्यानं हिले हिसक्याची सवयच लावली नाई."

लोटा ठेवला. मी मागं बसलो. आवारातून रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन आलो आणि पाणी जेमतेम बोटभर सांडलं. मी इतका हरखलो, की हबीबभाईनं "कायच्यासाठी पाह्यजे गाडी?" असं विचारताच सरांच्या आधी मीच बोललो, "शाळेसाठी. विज्ञानाचं फिरतं प्रदर्शन काढतोय, खेड्यापाड्यांतून."

हबीबभाई खूश झाला. "वा! ये तो बढ़िया काम हाय," म्हणाला आणि आमच्यासाठी थंड सोडा मागवला. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. सोडा पिऊन झाला, रक्कम ठरली. आता फक्त हो म्हणायचं राहिलं. सर उठले आणि बॉनेटवर हात ठेवला.

"हबीबभाई, खोड सांगा."

हबीबभाई शेतकऱ्यांत वाढलेला माणूस. त्याला हात पाहताच कळलं. तो हसला, आपलाही हात शेजारी ठेवला आणि म्हणाला, "चढावर दुसरा गिअर सुटते. हातानं दाबून धरा लागते. बस, येवढंच."

"चालते. खोड माहीत असली का मंग तिची सवय होते." पण हात काढला नाही. "आता तुमी मले इचारा."

"तुमाले काय इचारू? मास्तर लोक तुमी."

"इचारा. कोन्या कामाले नेता म्हना."

मी मान खाली घातली. हबीबभाईनं विचारलं आणि सरांनी सांगितलं. बायकोला क्षय आहे, गावात कोणी जागा देत नाही, गाडीवर खोली बसवून तिला ठेवणार आहे. "मास्तर जे बोलले थे माह्यासाठी बोलले. त्याईचा दोष नाई."

हबीबभाईनं हात काढला नाही. बाटल्या धुणाऱ्या बायका थांबून पाहत होत्या. तो म्हणाला, "माही बहीन गेली याच बिमारीनं. आम्ही तिले गोठ्यात ठेवली होती, मास्तर. बाहेरून ताट सरकवत होतो." मग आत जाऊन गाडीची चावी घेऊन आला आणि सरांच्या हातावर ठेवली.

चैत्र संपायच्या आत खोली गाडीवर चढली, चाकांच्या रुंदीतच बसली. सरांनी गिअरच्या दांड्यासाठी एक चामड्याचा पट्टा केला, चढावर अडकवायला. परतवाड्यापुढचा घाट त्यांनी पहाटे निघून दहाच्या सुमाराला पार केला, इतका सावकाश. शाळेला बिनपगारी रजा टाकली होती. मे महिन्यात मी एकदा जाऊन आलो. एका उताराच्या कडेला, झाडाखाली गाडी उभी होती. वहिनी खिडकीत उशीला टेकून बसल्या होत्या. गालावर जरा मांस आलं होतं. "या भाऊजी," म्हणाल्या, "चहाच्या पेटीत राह्यतो आमी. पन पेटी आमची सोताची हाय." सर चुलीवर भाकरी थापत होते. इतका निवांत माणूस मी शाळेत कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, जमलं यांचं. आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं, याची आता लाज वाटते.

चिखलदऱ्याचा पावसाळा मात्र वाईट. दिवस दिवस धुकं, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी. त्या छातीला ते चालणार नव्हतं. आषाढ लागताच ते खाली उतरले. बरोबर नेलेल्या सुया संपल्या होत्या, पुढच्या सुयांसाठी शहरात राहणं भाग होतं, म्हणून ते अमरावतीला आले. आणि इथं त्या खोलीची खोड उघडी पडली. गाडीला भाडं लागत नव्हतं, घरमालक लागत नव्हता, पण ती उभी करायला जागा लागत होती. मैदानात उभी केली तर शेजारची वस्ती तक्रार करायची. रस्त्याकडेला शिपाई हटकायचा. शाळेच्या आवाराला पालकांनी हरकत घेतली. सर कुणालाही काही लपवत नव्हते, त्यामुळे बातमी गाडीच्या आधी पोचायची. दोन आठवड्यांत त्यांनी सात जागा बदलल्या.

शेवटी ते अकोल्याला गेले. हबीबभाईनं आपल्या आवारात, बाटल्यांच्या राशी हलवून, गाडीपुरती जागा करून दिली. त्याच्या घरातल्या बायका वहिनींना रोज दूध आणून द्यायच्या, आत येऊन बसायच्या. वहिनी तिथं पुढचा फाल्गुन लागेपर्यंत जगल्या. हे मला सरांच्या पत्रातून कळलं. दोन ओळींचं पत्र होतं, त्यातली एक ओळ हबीबभाईबद्दल होती. सर आमच्या शाळेत परत आले नाहीत. बाळापूरकडे गेले, तिथंच कुठंशी सुतारकी करतात, एवढं ऐकलं. मी गेलो नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याला जाण्याच्या आदल्या दिवशी, आमच्याच दाराशी.

आमच्या घरामागं मोठं परसू होतं. विहीर, कडुनिंब, कडेला मोकळी जागा. पूर्वी घरी बैलगाडी होती, तिच्यासाठी बाजूला रुंद फाटक होतं. त्या सकाळी पावसाची झड लागली होती. गाडी फाटकासमोर येऊन उभी राहिली. सर उतरले. डोक्यावर पोतं, दाढी वाढलेली. खिडकीच्या फटीतून वहिनींचा खोकला ऐकू येत होता, थांबत नव्हता. माझ्या मागं ओसरीत आई उभी होती, मुलीला कडेवर घेऊन.

सरांनी तोपर्यंत कधीच काही मागितलं नव्हतं. ते म्हणाले, "मास्तर, झड उघडेपर्यंत. परसात, लांब, विहिरीच्या पलीकडे. इकडे येनार नाई आमी."

मी म्हणालो, "सर, मी नाही कशाला म्हणेन? पण फाटक अरुंद आहे हो. गाडी जाणार नाही आत."

सरांनी फाटकाकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. ती खोली त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली होती, तिचं माप त्यांना विचारायला नको होतं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी बोललेलं ते ऐकत राहिले, आणि मला त्या क्षणी इतकंच वाटत होतं की त्यांनी काहीतरी खरं बोलावं, शिवी द्यावी, तोंडावर खोटारडा म्हणावं.

त्यांनी गाडीकडे तोंड वळवलं आणि वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाई वं, फाटक लहान हाय. मास्तर तर चला म्हनून राहिले. पन गाडीच जात नाई, त्याले ते काय करतीन?"

आतून वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मंग. भाऊजी, भिजू नका, आत जा."

सरांनी मला नमस्कार केला. गाडी मागं घेताना ते चिखलात दोनदा उतरून चाकं पाहून आले. मग मान वळवून न पाहता निघून गेले.

दुपारी झड उघडली. फाटकासमोरच्या काळ्या मातीत चाकांचे दोन खोल चर उमटले होते, पाण्यानं भरलेले. आई झोपल्यावर मी टेप घेऊन बाहेर गेलो. आधी चराच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजलं, मग फाटक मोजलं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरत होती.